देवाबरोबर समेट झालाय, तर मग हे अंतर कशाचं?

वाघूरकाठ | ४ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो.

मी भुसावळला रेल्वेत आहे. घरात ख्रिस्ती विश्वास आजोबांपासून. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून. भाकरीचं ताट बाकाबाकांवरून हातोहात पुढे सरकतं. सहा वर्षं झाली, ते माझ्या हातात येतं आणि मी तसंच शेजारच्याला देतो. बायकोला कारण माहीत आहे, मुलांनी विचारणं सोडलंय.

कारण भाऊ. धाकटा. यावल तालुक्यात गावी शेती करतो. वडील शेवटच्या आजारात असताना विहिरीकडच्या तुकड्यासाठी त्याने त्यांचा अंगठा घेतला. इकडे दवाखान्याची बिलं मी भरत होतो आणि तिकडे फेरफार लागला. वडिलांना माती दिली तेव्हा खड्ड्याच्या एका बाजूला तो उभा होता, दुसऱ्या बाजूला मी. तेव्हापासून अबोला.

परवा पाळकांनी बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायावर संदेश दिला, देवाबरोबर समेट करून घ्या म्हणून. घरी येऊन जेवलो नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर समेट केला, तो पुरा झाला, असं मी लहानपणापासून शिकलोय आणि माझा त्यावर विश्वास आहे. मग गुडघे टेकले की समोर भिंत का लागते? आणि भावाशी गोड झाल्याशिवाय देवाची जवळीक मिळणारच नसेल, तर माझा देव त्या माणसाच्या हातात गेला का, ज्याने मला फसवलं?

जाणत्यांनी सांगावं.

केळीवाला_रावेर | ४ डिसेंबर, रात्री ११:०५

भाऊ, मी ख्रिस्ती नाही, पण विहिरीकडचा तुकडा म्हणजे काय ते मला विचारा. केळीला पाणी नाही तर काही नाही. वाचतोय.

जुनं_कपाट | ५ डिसेंबर, सकाळी ७:२०

वाघूरकाठ, प्रश्न फार प्रामाणिक आहे, म्हणून घाईचं उत्तर देत नाही.

ज्या अध्यायावर संदेश होता तिथे ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने मूळ ग्रीकमध्ये वापरलेला शब्द 'कातालागे'. त्याच्या मुळाशी अदलाबदल आहे, म्हणजे वैराच्या जागी मैत्री येणं. एक गोष्ट बारकाईने बघा. पौल कुठेही असं म्हणत नाही की देव रुसला होता आणि आपण त्याची समजूत काढली. समेट करणारा प्रत्येक वेळी देव. दुखावला गेला तो, आणि पहिलं पाऊलही त्याचंच. पुढे तर तो आपल्या माणसांच्या तोंडून विनंती करतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात हे आणखी उघड आहे. आपण शत्रू असतानाच समेट झाला. सुधारल्यावर नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की त्या बाजूने भिंत नाही. दाराची कडी आतून लागलेली असू शकते.

मुक्ताईनगरकर | ५ डिसेंबर, सकाळी ९:१५

आतून कडी म्हटल्यावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी वारकरी, आमच्या घरात माळ चार पिढ्यांची. आमच्या मुक्ताईची समाधी इथेच, मेहूण-कोथळीला. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबा ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभं राहून त्यांना ताटी उघडायची विनवणी केली, ती गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. ज्याच्यावर अन्याय झाला होता त्यालाच तिने उघड म्हटलं.

पण एक विचारतो, राग मानू नका. देव जर माउली आहे, तर समेटासाठी वधस्तंभ, रक्त, मरण हे कशाला? आई काय मोबदला घेऊन माफ करते?

जुनं_कपाट | ५ डिसेंबर, सकाळी ११:५०

मुक्ताईनगरकर, राग कसला. हाच प्रश्न ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना हजार वर्षं विचारलाय. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म म्हणाला की पाप म्हणजे देवाच्या मानाचं देणं थकणं. ते माणसानेच फेडायला हवं, पण फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. त्यानंतर काही दशकांनी पॅरिसकडच्या आबेलारने भर दिला तो वेगळ्याच गोष्टीवर. त्याचं म्हणणं, वधस्तंभावरचं प्रेम बघून माणसाचं मन वितळतं, तोच समेट. त्याच्याही आधीपासून चालत आलेला विचार विजयाचा आहे, मरणात उतरून मरणाला हरवलं हा. नायसियाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे जुन्या श्रद्धाघोषणेत, 'आमच्यासाठी' एवढंच म्हटलंय, कसं ते एका सूत्रात बांधलेलं नाही.

मला स्वतःला असं वाटतं की क्षमा कधी फुकट नसते. कोणीतरी नुकसान अंगावर घेतं. तुमच्या आईनेही घेतलेलं असतं, फक्त तिने ते तुम्हाला सांगितलेलं नसतं. वधस्तंभावर ते दिसतं.

मुक्ताईनगरकर | ५ डिसेंबर, दुपारी १२:१०

"तिने ते तुम्हाला सांगितलेलं नसतं." यावर आज दिवसभर दुसरं काही सुचणार नाही.

सातपुड्याची_लेक | ५ डिसेंबर, संध्या. ६:३०

मी नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी घरातली. आमच्या गावच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना असते. बारा वाजायच्या आधी पाळक दहा मिनिटं गप्प बसतात. त्या दहा मिनिटांत ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याने उठून जायचं. नाव पुकारायचं नाही, कारण सांगायचं नाही.

मी बारावीत असताना बाबा उठले आणि त्यांच्या चुलतभावाच्या बाकाशी गेले. म्हशीवरून भांडण होतं, तीन वर्षांचं. बाबा काही बोललेच नाहीत. नुसते खाली, चटईवर त्यांच्या पायाशी बसले. काकांनी थोडं सरकून बाकावर जागा केली. मग आख्खी प्रार्थना दोघं एका बाकावर. घरी येताना बाबा म्हणाले, आज पहिल्यांदा वाटलं देव माझ्या खांद्याशी आहे.

म्हणून मला वाटतं, दादा, या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या नाहीतच.

वचनप्रिय | ५ डिसेंबर, रात्री ८:००

थोडं वेगळं सांगतो. "वाटलं" यावर फार भर नको. जवळीक ही भावना नाही, आज्ञापालन आहे. मत्तय ५:२३-२४ अगदी सरळ आहे: दान वेदीशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. सहा वर्षं ताट पुढे सरकवण्यापेक्षा सहा किलोमीटर चालणं सोपं होतं. कडू लागेल, पण प्रेमाने सांगतोय.

पांझरेची_पोर | ५ डिसेंबर, रात्री ८:४०

वचनप्रिय, ते वचन पुन्हा वाचा. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे तिथे. ज्याने दुखावलंय त्याने जायचंय. इथे दुखावला गेलाय धागाकर्ता. ती आज्ञा आधी धाकट्यासाठी आहे.

आणि मी हे चिडून लिहितेय, कारण समेट म्हटलं की घराघरांत ज्याचं गेलं त्यालाच गप्प बसायला सांगतात.

वचनप्रिय | ५ डिसेंबर, रात्री ९:१०

ताई, मान्य. ते वचन मी घाईत लावलं. धागाकर्त्या भाऊ, माफ करा. पण मार्क ११:२५ मध्ये दुसरी बाजू आहे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा तुमच्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे दुखावलेल्यालाच सांगितलंय.

पांझरेची_पोर | ५ डिसेंबर, रात्री ९:२५

क्षमा करणं एकट्याला करता येतं. समेटाला दोघं लागतात. माझं म्हणणं इतकंच की ही दोन कामं एकात मिसळू नका.

दस्तलेखक_धुळे | ६ डिसेंबर, दुपारी ३:००

पांझरेची_पोर, तुमचा मुद्दा माझ्या टेबलावर रोज बसतो. पंचवीस वर्षं दस्त लिहितोय. सगळ्यात जास्त कोणते? हक्कसोडपत्रं. बहिणी येतात, भाऊ रिक्षाचं भाडं देतो, चहा पाजतो, आणि ती "विनामोबदला, राजीखुशीने" खाली सही करते. मी ते शब्द लिहितो आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळतो. ही राजीखुशी नाही हे मलाही कळतं.

म्हणून फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचं असणं धरून न ठेवता स्वतःला रिकामं केलं हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. आजवर वाचलेलं खऱ्या राजीखुशीचं हक्कसोड ते एकच. कोणी हात धरून अंगठा लावला नाही.

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा आमच्या गावच्या समितीत होतो. तिथे समेट म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडायचं, पंचांनी सही घ्यायची. पौल ज्याबद्दल बोलतो त्यात एकाच बाजूने सगळं सोडलंय. शब्द एकच, पण हिशोब एक नाही.

पांझरेची_पोर | ६ डिसेंबर, दुपारी ३:४०

दस्तलेखककाका, असं लिहिल्याबद्दल आभार. त्यातली एक सही माझी आहे. तुमच्याच टेबलावर केली का माहीत नाही.

भुसावळ_आँटी | ६ डिसेंबर, संध्या. ७:००

माय, काय काय लिहिलंय पोरांनी. मी कॅथलिक, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे सात संस्कारांतल्या एकाला समेटाचा संस्कार म्हणतात, लोक नुसतं पापनिवेदन म्हणतात. १९७३ साली त्याचा विधी नवा झाला. जाळीआड गुडघे टेकायचे, नाहीतर फादरसमोर खुर्चीत बसून बोलायचं, दोन्ही चालतं. मनापासून पस्तावा, तोंडाने कबुली, काहीतरी प्रायश्चित्त, आणि मग ते क्षमेचे शब्द. आणि फादरने तिथे ऐकलेलं कधीही, कुणालाही सांगायचं नाही.

मी चौदा वर्षं गेले नव्हते. सासूबाईंशी वाईट वागले होते, त्या गेल्या. आता माफी कुणाची मागू? शेवटी गेले. बोलता बोलता रडले. फादरांनी प्रायश्चित्त काय दिलं असेल? सासूबाईंच्या हातचं जे मला आवडायचं ते करून शेजारच्या एकट्या म्हातारीला नेऊन दे म्हणाले. मी खापरावरचे मांडे केले. चार फाटले, एक धड निघाला.

मेलेल्या माणसाशी समेट असा होतो, बाळा. तुझा तर जिवंत आहे.

वचनप्रिय | ६ डिसेंबर, संध्या. ७:३०

आँटी, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण १ तीमथ्य २:५, देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. तो मेला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आता वाट सरळ आहे. मध्ये कुणी कशाला?

भुसावळ_आँटी | ६ डिसेंबर, संध्या. ७:४५

वाट सरळच आहे रे. पण चौदा वर्षं मी एकटीने त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. कुणीतरी हात धरला. आणि याकोबाने एकमेकांजवळ पापं कबूल करा असं लिहिलंय ना? पाचव्या अध्यायात. आम्ही पण वाचतो.

केळीवाला_रावेर | ६ डिसेंबर, रात्री ८:००

आँटी जिंकल्या. मांड्यांची कृती टाका, फाटलेल्या चारांसकट.

सातपुड्याची_लेक | ६ डिसेंबर, रात्री ८:२०

मांड्यांचा वेगळा धागा काढा, नाहीतर मंडळी पुरणातच अडकतील. 😊

जाता जाता एक. येशू प्रार्थनेत देवाला 'आब्बा' म्हणाला, अरामी भाषेत बाप. आपल्या खान्देशात कितीतरी घरांत वडिलांना आबाच म्हणतात. दोन्ही शब्दांचं नातं नसेल, पण मी लहानपणी उपासनेत तो शब्द ऐकला तेव्हा मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

वाघूरकाठ | ६ डिसेंबर, रात्री ११:३०

सगळं वाचलं. काही दोनदा.

आम्हीही वडिलांना आबाच म्हणायचो. हे वाचून थांबलो होतो.

पांझरेची_पोर, तुम्ही माझी बाजू घेतली, पण तुमची गोष्ट माझ्यापेक्षा जड आहे. एक कबूल करतो. आम्हाला एक बहीण आहे. आबांच्या जमिनीत तिचं काय, हे मी सहा वर्षांत एकदाही मोजलं नाही. फक्त माझं मोजलं.

जुनं_कपाट | ७ डिसेंबर, सकाळी ६:५०

आता जे लिहितोय ते मला कालच लिहायचं होतं, धीर होत नव्हता.

उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटा घेऊन गेलेला, सगळं उधळून परतलेला धाकटा आणि त्याला जवळ घेणारा बाप, आपण धाकट्यासाठी वाचतो. थोरल्यासाठी वाचून बघा. तो शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, आत जात नाही. धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. त्याचा हिशोब बरोबर आहे, इतकी वर्षं राबलो, एक करडूही मिळालं नाही. बाप त्याला खोटं पाडत नाही. जे माझं ते सगळं तुझं आहे, म्हणतो. आणि मुख्य म्हणजे बाप घराबाहेर दोनदा येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, एकदा थोरल्यासाठी विनवत. थोरला आत गेला की नाही, हे ती गोष्ट लिहिणारा लूक सांगत नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

वाघूरकाठ, तुम्ही विचारलं होतं देव भावाच्या हातात आहे का. या गोष्टीत बाप जेवणाच्या पंगतीतून उठून अंगणात, थोरल्यापाशी आलेला आहे. जवळीक तुम्हाला आत्ता, रागासकट आहे. फक्त तो ज्या घरात परत जाणार आहे, त्या घरात धाकटाही बसलाय.

पांझरेची_पोर | ७ डिसेंबर, सकाळी ९:००

हे पटलं. तरी बायबलमधला जकातदार जक्कय विसरू नका. तो 'चुकलं' म्हणून थांबला नाही, लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणाला. समेटात परतफेड असते.

जुनं_कपाट | ७ डिसेंबर, सकाळी ९:१५

असतेच. पण क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, चौपटीचं बोलणं नंतर निघालं.

रमाबाईंची_वाचक | ९ डिसेंबर, दुपारी २:००

उशिरा आले. "भिंत का लागते" यावर फारसं कुणी बोललं नाही म्हणून. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय, आणि तो भेटायला त्यानंतर साधारण आठ वर्षं गेली. एवढी विदुषी, मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणणारी बाई. तिला वेळ लागला तर आपल्याला लागेल. सहा वर्षं म्हणजे देवाने सोडलं असं नाही.

दस्तलेखक_धुळे | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

येशूचा शिष्य शिमोन पेत्र, त्याचं कुणी काढलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो. अठराव्या अध्यायात त्या विस्तवाच्या आसपास पेत्र, मी येशूचा नाही, असं तीनदा म्हणतो. एकविसाव्यात किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव, वर मासे, आणि येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. आधी "या, न्याहारी करा" म्हणतो. विचारणं जेवण झाल्यावर.

त्याला लाजवण्यासाठी नसावं ते. त्याच वासात, त्याच धगीशी बसवून जुनी जागा नवी केली.

मुक्ताईनगरकर | ९ डिसेंबर, रात्री १०:००

दस्तलेखकभाऊ, या ओळीसाठी नमस्कार.

वाघूरकाठ | ५ जानेवारी, रात्री ९:५०

महिना झाला, सांगायचं राहिलं होतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बसने गावी गेलो. कुणाला कळवलं नव्हतं. भाऊ शेतात होता, मळ्यात भरीत लावलं होतं, चार-पाच जण होते. पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी टाकलेली, हिरवी-पांढरी, आपल्याकडची मोठी. तो उकिडवा बसून काठीने वांगी फिरवत होता. मला बघून उठला नाही. मीही काही बोललो नाही, पाटाच्या कडेला बसलो. दस्तलेखककाका, त्या जाळाकडे बघताना तुमचंच डोक्यात होतं.

त्याने वांगी बाहेर काढली. सालं काढायला मी हात घातला तर भाजलो. आबा जसे मडक्यातल्या पाण्यात बोटं बुडवून सोलायचे, तसंच तो सोलत होता. मला म्हणाला, "बोटं भिजव आधी." सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

लाकडी बडगीत त्याने ठेचलं, मिरच्या मी दिल्या. कळण्याच्या भाकरीबरोबर जेवलो. निघताना मी म्हटलं, ताईच्या वाट्याचं आपण दोघांनी बोलायला हवं. विहिरीचं मी काढलं नाही. तो बराच वेळ पाटाकडे बघत होता. मग म्हणाला, "संक्रांतीला ताई येणार आहे, तू पण ये." त्याने माफी मागितली नाही. सातबारा आहे तसाच आहे. वहिनीने पिशवीत चार वांगी घातली.

भिंतीचं विचाराल तर एवढंच सांगतो, रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं आणि घशात अडकलं नाही.

काल पहिला रविवार होता. ताट आलं, मी तुकडा घेतला. बायको शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, खाली मान घालून माझा रुमाल मागितला.

केळीवाला_रावेर | ५ जानेवारी, रात्री १०:०२

डोया भरी उनात, भाऊ.

पांझरेची_पोर | ५ जानेवारी, रात्री १०:३०

संक्रांतीनंतर ताईचं काय ठरलं ते नक्की लिहा. मी वाट बघते.